तिसरा खांब

“उद्या चौथ्या चौकोनात पुष्पलता बसेल,” घोलप सर म्हणाले, आणि आख्खा संघ माझ्याकडं बघायला लागला. मीही मागं वळून बघितलं. कॉलेजात दुसरी कुणी पुष्पलता निघाली तर फार बरं होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

दुसरी कुणी नव्हती. पुष्पलता शेटे, टी.वाय.बी.ए., म्हणजे मीच.

आता मी एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. कॉलेजात मी खो-खो खेळायचे असं सांगितलं की आमच्याकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. त्यांचं काही चुकत नाही. मी संघात तीन वर्षं होते, पण खेळले असं म्हणता येणार नाही. पहिल्या वर्षी मी गोळाफेकीत नाव द्यायला गेले आणि चुकीच्या रांगेत उभी राहिले. खो-खोवाल्यांना बारा नावं पुरी करायची होती. त्यांनी मला ठेवून घेतलं, आणि ‘चुकून आले’ असं सांगायचं मला धाडस झालं नाही. तेव्हापासून लिंबू-ग्लुकोजची बादली माझ्याकडं. मुलींची घड्याळं, कानातली, चपला सगळं माझ्याकडं. खो-खोच्या मैदानाला दोन टोकांना दोन खांब असतात. मुली मला तिसरा खांब म्हणायच्या. मी हसायचे, कारण रुसून बाजूला जायचं तर उठावं लागायचं.

तर उद्या विद्यापीठाचा अंतिम सामना, तो आमच्याच कॉलेजच्या मैदानावर, बघायला खुद्द कुलगुरू, आणि खेळायला मी. कारण आमची सगळ्यात चांगली खेळाडू नंदा वाघमोडे हिचं नाव सकाळीच फलकावर लागलं होतं: ‘दुखापतीमुळे संघाबाहेर.’ बदली मुलींपैकी दोघींना कांजिण्या झालेल्या. उरलेल्या मोजल्या तर बरोबर नऊ भरत होत्या, माझ्यासकट.

मी तडक हॉस्टेलवर नंदाकडं गेले. तिच्या काळजीनं गेले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी गेले ती स्वतःची अब्रू वाचवायला. पाय मुरगळला असेल तर शेकून देऊ, बांधून देऊ, काय वाटेल ते करू, पण उद्या तूच खेळ असं तिला सांगणार होते.

नंदा ट्रंक भरत होती.

“पाय दाखव,” मी म्हणाले.

“कशाला?”

“दुखापत कुठंय बघते.”

“पायाला काय धाड भरलीय?” ती म्हणाली, आणि उठून माझ्यासमोर एका पायावर उभी राहिली. मग पुन्हा बसली आणि साडीची घडी घालायला लागली. घडी काही नीट होईना.

“मग फलकावर काय लिहिलंय?”

“पुष्पे, सर जिमखान्यात पाय चोळायला बोलावतात ना?”

“हो की. कुणाला लागलं की बोलावतात.”

“ते पायाचं नसतंय,” नंदा म्हणाली.

मी कॉटवर बसले. एवढंच बोलली ती, पण मला पुढचं विचारावं लागलं नाही. तरी तिनं सांगितलं, माझ्याकडं न बघता, ट्रंकेकडं बघत. शुक्रवारी ती कडी काढून पळाली होती. सोमवारी धीर करून प्राचार्य बेलसरे सरांकडं गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, प्यायला पाणी दिलं, ‘बाळ, विसरून जा’ म्हणाले. आणि आज फलक लागला.

“वर तात्यांना निरोप धाडलाय,” नंदा म्हणाली, “की पोरगी एका मुलाबरोबर फिरते, घेऊन जा.”

“कुठल्या मुलाबरोबर?”

“ते मलाबी विचारायचंय त्यांना.”

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मला कुणाला जवळ घ्यायचं जमत नाही. मी आपली तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिले, म्हशीला मारतात तशा.

“उद्या तात्या येतील. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले की संपलं. वैशाखात लग्न लावतील. बी.ए. राहिलं, खेळ राहिला. आणि गावात सगळे म्हणणार, हिनंच काहीतरी केलं असंल.”

त्या कॉटवर बसल्या बसल्या मला दुसऱ्या वर्षाची एक गोष्ट आठवली. सगळ्यांचे पाय दुखतात, सर सगळ्यांची विचारपूस करतात, माझी कोणी करत नाही, म्हणून मी एकदा घोटा धरून खोटं खोटं लंगडले होते. दुखापत खरी कुठून होणार, मी पळतच नव्हते. सर म्हणाले, ‘ये जिमखान्यात.’ तेवढ्यात आमची कॅप्टन रेहाना मुजावर मध्ये आली, ‘सर, हिचं मी बघते’ म्हणाली आणि मला दंडाला धरून ओढत नळावर घेऊन गेली. तिथं असा चिमटा काढला की आठवडाभर काळानिळा डाग होता. माझं कौतुक रेहानाला बघवत नाही, असं मी तेव्हा घरी आईला सांगितलं होतं.

मी उठले आणि प्राचार्यांकडं गेले. मला राग आला होता, आणि मला राग आला किंवा भीती वाटली की उचकी लागते. तेव्हा दोन्ही एकदम होतं.

बेलसरे सर फार सुसंस्कृत माणूस. विद्यार्थ्यांना अहोजाहो करायचे. त्यांनी मला बसायला सांगितलं, बिस्किटांची बशी पुढं केली. मी एक घेतलंही. आजही त्या बिस्किटाची मला लाज वाटते.

“तुम्ही स्वतः काही पाहिलंत?” त्यांनी विचारलं.

“नाही सर.” उचकी.

“तुमच्या बाबतीत असं काही घडलं?”

“नाही सर.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “हो, ते दिसतंच आहे,” म्हणाले. “मग ऐकीव गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा? घोलप सरांनी या कॉलेजला नाव मिळवून दिलं. उद्या सामन्यानंतर कुलगुरूंच्या हस्ते त्यांचा सत्कार आहे. तो पार पडू द्या. मग बघू.”

“तोवर नंदा गावाला गेलेली असेल, सर.”

“मग तर प्रश्नच मिटला,” बेलसरे सर म्हणाले, आणि बशी पुन्हा पुढं केली.

संध्याकाळी मुली हॉस्टेलच्या नळावर मैदानातल्या मातीचे कपडे धूत बसल्या होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून ह्या हादरतील. कुणीच हादरलं नाही. सविता साबणाची वडी हातात तशीच धरून बसली. रेहानानं नळ बंद केला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “नंदाचं नव्हतं माहीत. माझं माहीत होतं.”

“म्हणजे तुला पण?”

“पहिल्या वर्षी. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी आहे म्हणून.”

“मलापण तसंच वाटलं होतं,” सविता म्हणाली. मग आणखी एक बोलली, मग आणखी एक. एका बादलीतलं पाणी पिणाऱ्या, एकमेकींचे कपडे घालणाऱ्या पोरी, आणि एकीनं दुसरीला कधी सांगितलं नव्हतं. मी तीन वर्षं त्यांची घड्याळं सांभाळली आणि मला यातलं काही दिसलं नाही.

“आपण उद्या खेळायचंच नाही,” सविता म्हणाली.

“मग फलकावर आणखी नऊ दुखापती लागतील,” रेहाना म्हणाली. “सगळ्यांना ताप आला म्हणून सांगतील, सामना सोडून देतील आणि सत्कार तेवढा उरकून घेतील. जे काही करायचं ते मैदानात उतरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं पाहिजे. पण करायचं काय?”

“बसायचं,” मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

“खो दिला तरी उठायचं नाही. काही अवघड नसतं. मला तीन वर्षांचा अनुभव आहे.”

कुणी हसलं नाही. रेहाना माझ्याकडं बघत राहिली, पहिल्यांदाच जरा नीट. मग म्हणाली, “आणि विचारायला आले की बोलायचं तू.”

“मी? मला उचकी लागते.”

“लागू दे. आमच्यातली कुणी बोलली की पहिला प्रश्न येणार, तुला काय केलं ते सांग, आख्ख्या गावासमोर. तुला कोण विचारणार?”

ही माझी स्तुती आहे असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी मैदानाला मांडव घातलेला, कर्णे लावलेले, बँजो वाजत होता. आमच्याकडं पद्धत अशी की मैदानात उतरण्याआधी एकेकीनं सरांच्या पाया पडायचं. आदल्या दिवशी आम्ही सगळं ठरवलं आणि नेमकं हेच विसरलो. पडलं नाही तर त्यांना संशय येणार. रेहाना वाकली, तिच्या पाठोपाठ बाकीच्या. सर प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत होते. सवितावर ठेवला तो बराच वेळ ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या भावाच्या नोकरीचं संस्थेत बोलून ठेवलंय बरं का.” सविता परत आली ती पांढरीफटक पडलेली.

“मला नाही जमायचं,” ती माझ्या कानाशी म्हणाली. माझी उचकी सुरू झाली होती.

ज्यांना खो-खो माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन खांबांच्या मधल्या रेषेवर आठ जणी उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी समोरच्या संघाच्या मुलींमागं धावते. तिला मागं वळता येत नाही, म्हणून ती बसलेल्या एकीच्या पाठीवर तळवा मारून ‘खो’ म्हणते. जिला खो मिळाला ती उठून धावते, आणि देणारी तिच्या जागी बसते. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि मिळाला की क्षणभरही बसून राहायचं नाही, एवढाच काय तो खेळ.

शिट्टी झाली. समोरच्या संघाच्या तिघी मैदानात आल्या. रेहाना पहिल्या खांबाकडून सुटली, एकीच्या मागं अशी धावली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या पाठीवर तळवा पडला.

“खो.”

तीन वर्षं बाकावर बसून मी ज्या खोची वाट बघितली तो असा मिळाला. खरं सांगते, माझे पाय उठायला लागले होते. कधी नव्हे ते लागले होते. मी दोन्ही हातांनी गुडघे धरून ठेवले.

आणि लोक हसले. का नाही हसणार? मला सगळं मैदान ओळखत होतं. त्यांना वाटलं, हिला उठताच येईना. “क्रेन आणा रे,” मागून कुणीतरी ओरडलं. समालोचन करणारे जोशीसर कर्ण्यावरून म्हणाले, “पुष्पलता शेटे यांना थोडी अडचण आलेली दिसते.” पंचांनी फाऊलची शिट्टी दिली. घोलप सर रेषेवरून गरजले, “पुष्पे, ऊठ.” एवढा मोठा बंडाचा झेंडा मी उभारला, आणि लोकांना तो माझा लठ्ठपणा वाटला.

रेहाना पुढच्या चौकोनाशी गेली. “खो.” तिथं बसलेलीही उठली नाही. त्याच्या पुढची. “खो.” तीही नाही. हसणं पातळ होत गेलं. रेहाना एकेकीच्या पाठीवर तळवा ठेवत होती, मारत नव्हती. शेवटी राहिली सविता. “खो,” रेहाना हळूच म्हणाली. मी मान वळवून बघत होते. सविताच्या टाचा उचलल्या. हात जमिनीला टेकले, ती निम्मी उठली, तिनं सरांकडं बघितलं. मग ती परत खाली बसली, उकिडवी नाही, मांडी घालून, घरी जेवायला बसतात तशी. ते बघून आम्ही सगळ्यांनीच मांडी घातली. मला तर फार बरं वाटलं, पायाला मुंग्या आल्या होत्या.

समोरच्या संघाच्या तिघींना काही कळेना. त्यांच्यामागं कुणी धावतच नव्हतं. नुसतं उभं राहूनसुद्धा त्या जिंकल्या असत्या. त्यांच्यातली वेणीवाली माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काय झालं गं?” मी म्हणाले, “सांगते, थांब.” ती खरंच थांबली.

घोलप सर पंचांना सांगत होते, “उन्हाचा त्रास आहे, पोरी घाबरल्यात.” बेलसरे सर मैदानात धावत आले. त्यांना धावताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. “उठा, माझ्या केबिनमध्ये बोलू,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

“इथंच बोलू, सर,” रेहाना म्हणाली.

मांडवातून कुलगुरू उतरून आले. म्हातारा माणूस, डोळ्याला काळा चष्मा. त्यांच्यामागं जोशीसर माईक घेऊन, कारण समालोचन कुठं थांबवायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“काय तक्रार आहे?” कुलगुरूंनी विचारलं.

आठही जणींनी माझ्याकडं बघितलं.

“नंदा वाघमोडेला,” मी म्हणाले, आणि उचकी. ती कर्ण्यातून आख्ख्या गावात गेली. कुणीतरी खिदळलं. “नंदा वाघमोडेला दुखापत झालेली नाही. घोलप सर जिमखान्यात पाय चोळायला बोलावतात आणि,” उचकी, “आणि मुलींच्या अंगाशी नको ते करतात. नंदा पळून आली. तिनं सोमवारी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी सरांना काही विचारलं नाही. तिलाच संघातून काढलं, फलकावर खोटं लिहिलं, तिच्या वडलांना खोटा निरोप धाडला. तिचं कुठल्याही मुलाशी,” उचकी, “काही नाही. मुलगा कुठला, ते प्राचार्यांनी सांगावं.”

असं भाषण तुम्ही कुठं ऐकलं नसेल. पण खिदळणं बंद झालं होतं. जोशीसरांनी माईक बाजूला घेतला नाही, हे त्यांचे उपकार.

“तुला त्यांनी काही केलं?” कुलगुरूंनी विचारलं.

“नाही सर. म्हणून तर मला बोलता येतंय.”

“मग आणखी कुणी आहे?”

हे विचारलं जाऊ नये म्हणून तर मला बोलायला बसवलं होतं. मी खाली बघितलं. माझ्याच्यानं जेवढं होतं तेवढं संपलं होतं. मग बाजूला हालचाल झाली म्हणून मान वर केली, तर रेहानाचा हात वर होता. वर्गात हजेरीला करतात तसा, सरळ. मग दुसरा वर आला, मग तिसरा. सविताचा हात सगळ्यात शेवटी आला. ती रडत होती आणि दुसऱ्या हातानं नाक पुसत होती, पण हात खाली घेतला नाही. बेलसरे सर त्या हातांकडं न बघता मांडवाकडं बघत राहिले.

पुढचं सगळं सरळ सांगून टाकते. घोलप सर त्याच आठवड्यात निलंबित झाले. चौकशी दीड वर्ष चालली. समितीपुढं त्या पोरींना काय काय विचारलं ते मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते, मला आत घेत नव्हते. पण एकीनंही शब्द फिरवला नाही. सरांची नोकरी गेली, खटला झाला. बेलसरे सरांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, मी काहीच केलं नाही. समितीनं अहवालात तेच लिहिलं, त्यांनी काहीच केलं नाही, आणि त्यांचं प्राचार्यपद काढून घेतलं. सविताच्या भावाला ती नोकरी मिळाली नाही. आमच्या संघावर मैदानातल्या बेशिस्तीबद्दल दोन वर्षं बंदी आली. त्या बंदीनं माझ्या खेळाचं फारसं नुकसान झालं नाही.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी हात वर होते तेव्हा मैदानाच्या फाटकापाशी नंदा उभी होती. शेजारी तिचे तात्या, पांढरं मुंडासं, डोक्यावर ट्रंक. एस.टी. स्टँडची वाट मैदानावरूनच जायची. कर्ण्यातलं सगळं त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं होतं. तात्यांनी ट्रंक खाली ठेवली. थोडा वेळ तिच्याकडं, मग आमच्याकडं बघितलं. मग ते त्या ट्रंकेवर बसले. काय बोलले ते मला नंदानं नंतर सांगितलं. म्हणाले, “यष्टी चुकली तर चुकू दे.”

नंदानं चुन्याच्या रेषेबाहेर चपला काढल्या आणि साडीचा ओचा खोचून आत आली. तिला कुणी अडवलं नाही. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली तेव्हा माझी मान विरुद्ध बाजूला होती. मला फक्त पाठीवर तळवा कळला.

“खो,” नंदा म्हणाली.

मी उठले. आख्ख्या कारकिर्दीत मी वेळेवर उठले ती तेवढीच. नंदा चौथ्या चौकोनात, तिच्या जागेवर बसली. पुढं कुठं पळायचं ते मला कधीच कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी जाऊन खांबाशी उभी राहिले. उचकी थांबली होती.